मी फक्त प्रश्न विचारला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, पक्षातल्या एकुलत्या एका मैत्रिणीलाही नाही. माझ्या आईला तेवढं कळलं होतं, पण ते तिचं तिला कळलं — मी तोंड उघडलं नव्हतं. आता तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही. लालबाग-परळकडे राहत असाल तर माझा फोटो कधी ना कधी तुमच्या नाक्यावर टांगलेला असणार. हात जोडलेले, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर ते हसू. गेल्या आठवड्यात करी रोडच्या पुलाखाली तसला एक जुना बॅनर दिसला, कुणीतरी भाजीच्या गाडीवर छप्पर म्हणून टाकलेला. मी उभी राहून बघत होते, आणि मला राग आला. बॅनर तिथे टाकला म्हणून नव्हे. त्या हसण्याचा आला.

"ताई, शिक्षिका ते आमदार, कसा होता हा प्रवास?" मुलाखतीला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. मीही प्रत्येकाला तेच सांगते. परळमधली आमची मराठी शाळा बंद करायला निघाले होते, मी साधी इतिहास शिकवणारी बाई, रस्त्यावर उतरले, माईक हातात घेतला, लोकांनी उचलून धरलं. यातलं एक अक्षर खोटं नाही. आणि हेच — हेच मला आता सोसत नाही. सरळ खोटं बोलले असते तर कधीतरी कुणीतरी पकडलं असतं. मी पकडली जाणार नाही अशी व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली होती.

पण सुरुवातीपासून सांगते. नाहीतर तुम्हाला सामंतबाई कोण ते कळायचं नाही, आणि त्या न कळता बाकीचं ऐकण्यात अर्थ नाही.

माझे वडील गिरणीत होते. गाव मालवणकडचं, घर करी रोडच्या चाळीत. घरात मालवणी, चाळीत मुंबईची मराठी, आणि शाळेत सामंतबाईंची मराठी — तीन वेगळ्या भाषा वाटायच्या मला. पाचवीत त्या आम्हाला शिकवायला होत्या. मी वर्गात धड उभी राहत नसे. त्यांनी मला रोज एक उतारा मोठ्याने वाचायला लावला, वर्षभर. मागच्या बाकावर ऐकू आलं नाही तर पुन्हा. मी रडायचे, त्या थांबायच्या, रडून झालं की म्हणायच्या, "आता वाच." पुढे मैदानं गाजवणारा माझा आवाज, तो हा. त्यांनी दिलेला.

बी.एड. झाल्यावर मी त्याच शाळेत अर्ज केला. तेव्हा त्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. म्हणाल्या, "सुलभा, ओळखीवर घेणार नाही. आणि घेतलं, तर ओळखीवर घेतलं असं कुणाला म्हणता येऊ नये इतकं चांगलं शिकव." मी शिकवलं. चांगलं शिकवलं, हे मी आजही म्हणेन.

गिरगावात एका चाळीत त्या एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात घड्याळ, हसणं जवळजवळ नाही. एखादा बाप तावातावाने ऑफिसात शिरला तर म्हणायच्या, "आधी बसा." बस्स. तो बसायचा. पण बाहेर पडला की शिव्या घालायचा. पालकांना त्या नको असायच्या, शिक्षकांना त्यांची धास्ती, मुलं त्यांना 'खडूस' म्हणायची. त्यांच्यावर प्रेम करणारं कुणी शाळेच्या त्या इमारतीत नव्हतं. मी धरून? माहीत नाही. पण त्या कुणाच्याच लाडक्या नाहीत हे मला नीट ठाऊक होतं, आणि पुढे ते मला उपयोगी पडलं. 'उपयोगी' हा शब्द मी विचार करून लिहिलाय.

मग शाळेच्या ट्रस्टने ठरवलं की मराठी माध्यम बंद. मुलं कमी होताहेत म्हणे. कमी होत होती, खोटं नव्हतं. पण आजूबाजूला गिरण्यांच्या जागी टॉवर उठत होते आणि आमची शाळा भर रस्त्याला लागून, मागे मैदान. कशासाठी चाललंय ते कुणाला कळत नव्हतं? आम्ही शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी सगळे एकत्र आलो. पहिल्या सभेत बोलायला कुणी तयार होईना. मला पुढे ढकललं. मी माईक धरला आणि — काय सांगू — मला कळलं की हे मला येतं. समोरची माणसं माझ्या एका वाक्याने गप्प होतात, दुसऱ्याने उठतात. वर्गात चाळीस पोरांसमोर उभं राहणं निराळं. त्या संध्याकाळी घरी आले तर मला जेवण जाईना, इतकी मी आतून भरले होते. त्याची चटक लागते हो. लोक सत्तेला नावं ठेवतात. पण त्याच्या आधीची ही चटक कुणी बघत नाही.

पण आंदोलनं शिळी होतात. दोन महिन्यांत सभेला येणारे निम्म्यावर आले. वॉर्डात पक्षाचं काम बघणारा दत्ता धुरी सुरुवातीपासून आमच्या मदतीला होता. मंडप, लाऊडस्पीकर, परवानगी, सगळं तो बघायचा. एका रिकाम्या सभेनंतर खुर्च्या रचता रचता तो मला म्हणाला, "बाई, ट्रस्टवर कोण चिडणार? ट्रस्ट कुणी बघितलाय? पब्लिकला एक चेहरा लागतो. तो द्या, मग बघा मैदान कसं भरतं."

मी म्हटलं, "कुणाचा चेहरा?"

"ते तुम्हाला ठाऊक. शाळेत तुम्ही असता."

त्याच आठवड्यात मी हिंदमाताला ब्लाऊजपीस जुळवायला गेले होते. दुकानातून बाहेर पडले तर समोर एक मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून सामंतबाई उतरल्या. आत ट्रस्टचे अध्यक्ष होते, मी त्यांना ओळखत होते. बाईंनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं. "काल तू पाहिलंस. मनात काही येऊ नये म्हणून सांगते," म्हणाल्या. त्या स्वतःहून अध्यक्षांना भेटायला गेल्या होत्या. एकदा नव्हे, अनेकदा. अध्यक्षांचं मन वळत आलं होतं. निदान आठवी-नववीची मुलं दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत शाळा चालू ठेवायची, असं ते ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत मांडणार होते. त्या अवधीत कोर्टात जाता आलं असतं, सरकारदरबारी काही हलवता आलं असतं. पण बाकीचे ट्रस्टी कडक होते. अध्यक्ष परस्पर मुख्याध्यापिकेशी बोलताहेत हे त्यांना कळलं तर सगळं फिसकटणार होतं. "तेव्हा बैठक होईपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस," त्या म्हणाल्या. आणि मग, कधी नव्हे ते, जरा हसल्या. "मला तुझ्यासारखं भाषण येत नाही. मला एवढंच येतं — जाऊन बसणं."

मी 'हो बाई' म्हटलं. त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, दत्ताने दबाव आणला असेल. नाही. त्याला गाडीचं काही माहीतच नव्हतं. त्याला कळलं ते बाकी सगळ्यांबरोबर, माझ्या तोंडून, माईकवर.

शनिवारची सभा होती, शाळेच्या मागच्या मैदानात. पुन्हा तेच, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. माझ्या आधी बोलणाऱ्याला कुणी टाळीसुद्धा दिली नाही. मी उभी राहिले, नेहमीचं बोलले, मराठी शाळा, गिरणी कामगारांची मुलं, आईची भाषा. काही हलेना. बायका आपापसात बोलत होत्या. आणि मला ते सहन झालं नाही. एवढंच. शाळा बुडत होती त्याचं दुःख त्या क्षणी मला नव्हतं. लोक माझं ऐकत नव्हते याचं होतं. मी थांबले. आवाज खाली आणला, कारण खाली आणला की माणसं कान देतात हे मला समजलं होतं, आणि म्हणाले, "मला आज फक्त एक प्रश्न विचारायचाय. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या गाडीतून आपल्या मुख्याध्यापिका हिंदमाताला उतरल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारते — का?"

मैदान एकदम गप्प झालं. मग कुणीतरी ओरडलं, "विकली! शाळा विकली!" आणि मग सगळं मैदान ओरडू लागलं.

सामंतबाई मैदानाच्या कडेला, जिन्याजवळ उभ्या होत्या. प्रत्येक सभेला त्या तिथेच उभ्या असत. लोक त्यांच्याकडे वळले. त्यांना एका वाक्यात खुलासा करता आला असता. पण तो केला असता तर अध्यक्षांना दिलेला शब्द मोडला असता आणि मुलांची दोन वर्षं गेली असती. त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान वळवली नाही; तेवढं धाडस माझ्यात होतं, बघा! त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहायचं धाडस होतं, खरं सांगायचं नव्हतं.

घरी आले तर आई बांगडे साफ करत होती. सभा चाळीपर्यंत ऐकू येत असे. तिने मान वर न करता विचारलं, "त्या बाईन काय केल्यान नाय, ह्यां तुका म्हायत होतां मां?"

मी म्हटलं, "आई, मी कुठे काय म्हटलं? मी फक्त विचारलं."

"ह्येका इचारणां म्हणनत नाय गो," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरी चालवायला लागली. नंतर ती मरेपर्यंत या विषयावर अक्षर बोलली नाही. माझ्या एकाही सभेला आली नाही. लोकांना मी सांगायचे, आईचे गुडघे दुखतात.

सोमवारी ऑफिसच्या दारावर काळं फासलेलं होतं. दाराच्या कडीला चपलांची माळ. बाई आल्या, स्वतःच्या हाताने माळ काढली, आत जाऊन हजेरीच्या कामाला बसल्या. पालकांनी गेटवर घेराव घातला. आणि ट्रस्टच्या बैठकीत नेमकं तेच झालं जे त्यांनी मला सांगितलं होतं. बाकीचे ट्रस्टी अध्यक्षांवर तुटून पडले — तुम्ही आमच्या पाठीमागे काय शिजवत होता? अध्यक्षांनी हात झटकले. मांडायचं होतं ते मांडलंच नाही. सामंतबाईंना सक्तीच्या रजेवर पाठवलं, कारण 'पालकांचा विश्वास उरलेला नाही.' जूनमध्ये मराठी माध्यम बंद. नववीतली मुलं विखुरली, कुणी दादरला, कुणी शीवला, कुणी कुठेच नाही.

आणि सगळे म्हणाले — सामंतबाईंनी शाळा विकली.

मला तिकीट मिळालं. आधी महापालिकेचं, मग विधानसभेचं. 'लढवय्या बाई' असं दत्ताने पहिल्या प्रचारात छापलं. शाळेत मी 'मेस्त्रीबाई' होते, मतदारसंघात 'सुलभाताई' झाले. विधानसभेतलं माझं पहिलं भाषण शिक्षकांच्या सन्मानावर होतं. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. मला वाटत होतं, कुणीतरी उठेल. एवढ्या मोठ्या सभागृहात एक तरी माणूस उठून म्हणेल, बाई, तुम्ही कुणाच्या सन्मानाबद्दल बोलताय? कोण उठणार? मी एकटीच होते ठाऊक असलेली, आणि मी बोलत होते. पुढे शाळेच्या जागेवर टॉवरचं भूमिपूजन झालं तेव्हा स्थानिक आमदार म्हणून मला बोलावलं. मी गेले. नारळ फोडला. हो, मी.

कामंही केली, पाण्याची, शौचालयांची, दवाखान्याची. ती इथे सांगणार नाही. ती सांगायला लागले की माझ्या आवाजात लगेच काहीतरी बदलतं, मला ऐकू येतं ते.

आता सगळ्यात वाईट. तुम्हाला वाटलं असेल ते सांगून झालं. नाही झालं.

माझ्या आमदारकीच्या दुसऱ्या टर्ममध्ये एका सकाळी परळच्या कार्यालयात लोक तक्रारी घेऊन बसले होते. नेहमीची गर्दी. मी मान वर केली तर समोरच्या खुर्चीत सामंतबाई. खूप बारीक झालेल्या, पण साडी तशीच कडक. गिरगाव माझ्या मतदारसंघात येत नव्हतं. पण त्यांच्या चाळीतल्या कुणी म्हणे सांगितलं होतं की या आमदार ऐकून घेतात. त्यांनी विचारलं असेल, कोण आमदार? नाव ऐकूनही त्या आल्या. चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आल्या.

"नमस्कार. आमच्या चाळीत वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही वॉर्ड ऑफिसला एक फोन केलात तर बरं होईल."

तुम्ही. पाचवीपासून मला 'सुलभा' आणि 'तू' म्हणणारी बाई.

मी काहीतरी बोलणार, तोच माझ्या मागे उभा असलेला दत्ता वाकला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, ही तीच ना? शाळा विकणारी हेडमास्तरीण?"

खोलीतली सगळी माणसं बाईंकडे बघायला लागली. त्यातली निम्मी आमच्याच शाळेत शिकलेली, किंवा त्यांची मुलं शिकलेली. मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. 'दत्ता, त्यांनी शाळा विकली नाही.' एवढं. कारण द्यायचीही गरज नव्हती. मी आमदार होते, माझा शब्द तिथे कुणी खोडला नसता.

मी काय म्हटलं ऐका. मी म्हटलं, "जाऊ दे दत्ता. झालं गेलं. मी कुणाबद्दल मनात काही ठेवत नाही."

मी त्यांना माफ केलं. भर कार्यालयात. कळतंय का तुम्हाला? मी, त्यांना, माफ केलं! आणि मागे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, किती मोठं मन." ते मी ऐकलं. आणि — हे लिहिताना मला किळस येते — ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं.

सामंतबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "पाणी पहाटे येतं, पण दाब नसतो," त्या म्हणाल्या. "एवढं फोनवर नीट सांगा. नाहीतर ते येऊन खालचाच नळ बघून जातात." मग उठल्या, दारातल्या माणसाला "जरा वाट द्या" म्हणाल्या आणि गेल्या. मी फोन केला. पाणी चढलं. त्यांनी चाळीच्या वतीने आभाराचा निरोप पाठवला, माझ्या माणसाजवळ तोंडी.

त्यानंतर कितीतरी वर्षं होती माझ्याकडे. गिरगाव काही लंकेत नाही. टॅक्सी केली की पोहोचते. मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एकदा गेलेही होते, कुठल्याशा उद्घाटनाला. कार्यक्रम आटोपून गाडीत बसले. ड्रायव्हरने विचारलं, "ताई, अजून कुठे?" मी म्हटलं, घरी.

गेल्या वर्षी त्या गेल्या. माजी विद्यार्थ्यांनी दादरला एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मी आता आमदार नाही, तरी मला व्यासपीठावर बसवलं. मी शाळेसाठी लढलेली ना! त्या शेवटच्या नववीतली एक मुलगी बोलायला उठली. मुलगी कसली, तिचेच केस पिकायला लागलेत. शीवच्या शाळेत तिचं बस्तान बसलं नाही, दहावी अर्धवट सुटली, पुढे मेणबत्त्यांच्या कारखान्यात लागली, असं तिने स्वतःच सांगितलं. मग म्हणाली, "बाईंनी शेवटी जे केलं ते केलं. पण मला वाचायला त्यांनीच शिकवलं. ते एक चुकलं त्यांचं, ते आपण विसरूया."

सगळ्या हॉलने माना डोलावल्या. मला माईक दिला. मी बाईंच्या शिस्तीबद्दल बोलले, साडीबद्दल बोलले, रोजच्या उताऱ्याबद्दल बोलले. आवाज मागच्या रांगेपर्यंत नीट पोहोचत होता. माझ्या डोळ्यात पाणीही आलं, आणि ते खरं होतं. त्याचा काय उपयोग?

त्या मुलीचं नाव प्राजक्ता. जिन्यात ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

तुमच्याकडून मला काही नकोय. समजून घेऊ नका, माझ्या वयाचा विचार करू नका. त्या वेळी मी अडाणी नव्हते, कुणी मला फसवलं नव्हतं, घाईत तोंडातून निघून गेलं असंही नव्हतं. सामंतबाई त्या गाडीत बसल्या त्या आठवी-नववीच्या मुलांसाठी. त्यांनी ती मुलं जवळजवळ वाचवली होती. त्यांना बुडवलं ते मी, शनिवारच्या सभेत, मैदान भरावं म्हणून. आणि 'का?' असं विचारताना मला उत्तर माहीत होतं.